ह्यो म्हणजे बिबट्या

परवा कंपनीच्या कामानं दौंडला गेले होते. काम दुपारीच आटोपलं. रेल्वे कॉलनीच्या मागच्या रस्त्यानं स्टेशनकडे येताना ती बसक्या क्वार्टरांची ओळ दिसली आणि मी थांबले. सगळ्या रिकाम्या झाल्यात. आता पाडणार म्हणे. दारं कुणीतरी काढून नेलेली, खिडक्यांतून घाणेरीची झुडपं आत डोकावणारी, न्हाणीच्या भिंतीवर पिंपळाचं रोप. शेवटून दुसऱ्या खोलीपाशी आले आणि काही न ठरवता चपला बाहेर काढल्या. त्या दारात चपला घालून कधी आत गेलेच नव्हते.

आत काहीच नव्हतं. शहाबादी फरशी तेवढी होती, तशीच काळसर, गुळगुळीत. तळव्यांना तिचा गारवा लागला आणि भाजक्या ज्वारीचा वास आला. खरं तर आला नसणार. पण मला आला.

मार्था टीचर ज्वारी भाजून, उकळून, गाळून त्याचा चहा द्यायची. जपानमध्ये बार्लीचा असा चहा पितात, इथं बार्ली कुठनं आणू, म्हणायची. ती दौंडचीच, रेल्वेवाल्या ख्रिश्चन घरातली. तरुणपणी जपानला गेली, समुद्राकाठच्या एका गावात म्हाताऱ्या माणसांच्या आश्रमात बरीच वर्षं सेवा केली आणि गुडघे गेल्यावर परत आली. भाऊ रेल्वेत गार्ड होता, त्याच्या क्वार्टरमध्ये राहायची. पुढच्या खोलीत ती पोरींना जपानी शिकवायची. शिकून, परीक्षा देऊन तसल्याच आश्रमांत नोकरीला जाता यायचं.

आम्ही दोघी वडगाव रासाईहून यायचो. मी आणि काजल. काजलचं घर नदीकडच्या वस्तीवर, उसाच्या मधोमध. तिचे आबा, म्हणजे आजोबा, एके काळी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले. आता घरचा ऊस. आमचं घर गावात, विहाराच्या मागं. बाबा एमआयडीसीत फिटर, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला. काजलच्या स्कुटीवरून भीमेवरचा पूल ओलांडायचा, केडगावला स्कुटी लावायची आणि पॅसेंजरनं दौंड. वाटेत गुऱ्हाळं पेटलेली असली की काकवीचा गोड धूर ओढणीत भरायचा आणि दिवसभर मानेशी राहायचा.

टीचर आम्हाला आधी वहीवर लिहू द्यायची नाही. जाड ब्रश, वाटीभर पाणी आणि ती फरशी. "आधी हात मोकळा होऊ दे बेटा. पाणी चूक धरून ठेवत नाही." आम्ही ओणव्या होऊन अक्षरं काढायचो. ओली असेतो ती काळीभोर, चमकदार दिसायची. मग कडेनं वाळायला लागायची. उन्हाळ्यात तर अक्षराचा शेवट होईतो सुरुवात उडून गेलेली असायची. मला त्याची भीती वाटायची. एवढं शिकलेलं जातं कुठं? माझ्या डोक्यातूनही असंच उडत असेल तर?

त्या लिपीचीच धास्ती होती मला. दोन अक्षरमाला आणि वरून ती चिनी चित्राक्षरं, ढीगच्या ढीग, एकेकाला चार-चार उच्चार. रात्री डोळे मिटले की काड्याकुड्यांचे थवे अंगावर यायचे. एकदा मी रडकुंडीला आले तेव्हा टीचरनं ब्रश खाली ठेवला, पाय लांब केले आणि सांगायला लागली.

जपान्यांकडे बोलणं होतं, पण अक्षरं नव्हती. अक्षरं आली समुद्रापलीकडून, चीनमधून कोरियाच्या वाटेनं. मागोमाग बुद्धाची सूत्रंही आली. परकी अक्षरं, परकी भाषा, आणि आपलं बोलणं त्यात बसवायचं. कुठं अक्षराचा अर्थ घेतला, कुठं नुसता आवाज. म्हणून एकाच अक्षराला इतके उच्चार. "परक्याचा सदरा घातला, मग हळूहळू टाके उसवून आपल्या अंगाचा केला." मठातल्या भिक्खूंनी सूत्रांच्या कडेला खुणा करायला अक्षरांचे तुकडे मोडून घेतले. त्यांतून टोकदार, काटकुळी अक्षरमाला झाली. आणि जड चित्राक्षरं ही पुरुषांची विद्या मानली जायची, तर घरातल्या बायकांनी तीच अक्षरं भरभर, सैल हातानं, वळणं देत लिहिली. त्यांतून दुसरी माला झाली, गोल गोल. "तिला बायकांचा हात म्हणायचे," टीचर म्हणाली. "पुढं तोच हात सगळ्या देशानं उचलला."

मग तिनं आम्हाला तक्ता म्हणायला लावला. आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. "नीट ऐका. हा पूर्वी पा होता. आणि सा बसलाय तुमच्या च च्या जागेवर. आता म्हणा."

मी मनातल्या मनात म्हटलं. अ. क, च, त, न, प, म, य, र, व. ही तर आपली वर्णमाला. कंठातून निघून ओठांपर्यंत येणारी, तीच वाट.

"बुद्धाची सूत्रं शिकायला त्यांनी भारतातली अक्षरं शिकली," टीचर म्हणाली. "अक्षरं राहिली मंदिरात. पण ओळ राहिली सगळ्यांच्या तोंडात. एवढ्या लांब तुझ्याकडनंच गेलंय ते, आणि तू त्याला भितेस?"

पुढच्या पौर्णिमेला विहारात वंदना म्हणताना आवाज कुठून निघतो आणि कुठं ओठ मिटतात याकडेच माझं लक्ष होतं. लिपीची भीती तिथून ओसरली. दुसरी मात्र वाढत गेली.

त्या वर्षी ऊस उंच होता. उसाला बिबट्या नवीन नाही आमच्याकडे. पिल्लं उसातच जन्मतात, उसालाच जंगल समजतात. पण त्या वर्षी तो वस्त्यांच्या अंगणापर्यंत यायला लागला. आधी कुत्री गेली. मग शेरडं. सकाळी दावं तुटलेलं आणि धुळीत काहीतरी ओढत नेल्याची रेघ. शाळा लवकर सुटायला लागली. माणसं रानात जाताना मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावायची. उसाच्या सरीतून गाणं पुढं सरकताना ऐकू यायचं, माणूस दिसायचा नाही. बायका बसून खुरपायच्या, आणि बसलेलं माणूस त्याला जनावरासारखं दिसतं म्हणून त्यांच्या गळ्यात पट्टे आले. जाड पट्टा, त्यातून बाहेर आलेले लोखंडी खिळे. आईनं पहिल्यांदा तो बांधला तेव्हा ती आरशासमोर उभी राहून हसली. "नवरीवानी दिसतीया का न्हाई?" मला हसू आलं नाही. पट्ट्याखाली तिच्या मानेला घाम यायचा, गंज लागायचा. संध्याकाळी मी त्या लाल रेघा खोबरेल लावून पुसायची.

जुनी माणसं त्याचं नाव घेत नसत. तिन्हीसांजेला तर नाहीच. काजलचे आबा नुसतं म्हणायचे, "राती ह्यो आला व्हता." ह्यो म्हणजे कोण, हे कुणी विचारायचं नाही.

एकदा वर्गात प्राण्यांचे शब्द चालले होते. टीचरनं बिबट्याचं अक्षर फरशीवर काढलं आणि उच्चार सांगितला, "ह्यो."

काजलच्या हातातून ब्रश पडला. "काय म्हणलासा, टीचर?"

"ह्यो. बिबट्या."

काजल आधी हसली, तोंडात ओढणी कोंबून हसली. मग ते पाण्याचं अक्षर वाळेपर्यंत आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. समुद्रापलीकडच्या लोकांनाही त्याचं हेच नाव माहीत असावं, यात मला काही चांगलं वाटेना.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. गाडी उशिरा आली आणि केडगावहून निघताना दिवस मावळतीला गेलेला. पूल ओलांडून वस्तीच्या वाटेला लागलो. दोन्हीकडे उसाच्या भिंती, मधे चाकोरीची वाट. वारा नव्हता. तरी डाव्या बाजूचा ऊस हलला, एकाच जागी. काजलनं ब्रेक दाबला आणि स्कुटी बंद पडली.

तो वाटेवर आला. घाई नाही, काही नाही. आडवा बसला. आमच्या घरातलं मांजर दारात बसतं तसा. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं. मला त्याच्या पोटाचं खालीवर होणं दिसत होतं, इतका तो जवळ. मला वाटलं, मी ओरडतेय. पण माझ्या तोंडातून आवाज निघत नव्हता.

"खाली वाकू नगंस," काजल पुटपुटली. "उभी ऱ्हा. मोठ्यानं बोल."

"काय बोलू?"

तिलाही सुचलं नसावं. तिनं श्वास घेतला आणि वर्गात म्हणायचो तसं, एका सुरात, ओरडून म्हणायला लागली. "आ! ई! ऊ! ए! ओ!" मग माझाही गळा सुटला. का, की, कु, के, को. सा, शि, सु, से, सो. स्कुटीला धरून उभ्या दोघी, आणि उसात आमचा आवाज आपटून परत येतोय. त्यानं कान फिरवले. आमच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांचं मला अजूनही वर्णन करता येत नाही. त्यांत राग नव्हता, एवढंच सांगता येतं. आम्ही तक्ता संपवला, पुन्हा सुरू केला. कधीतरी तो उठला आणि दुसऱ्या बाजूच्या उसात गेला. पान हललं नाही. तो गेला की तिथंच बसलाय, हे कळायचा मार्ग नव्हता आणि आम्हाला त्याच बाजूनं पुढं जायचं होतं.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी काजलचं येणं बंद केलं. "बाईमानसानं छपराखाली ऱ्हावं. जीव वाचंल."

टीचर ते ऐकून स्वतः वडगावला आली. दुखऱ्या गुडघ्यांनी काजलच्या घराच्या ओट्यावर चढली. आबांशी ती काही वाद घालत बसली नाही. काजलला म्हणाली, "पहिलं अक्षर काढ." काजलनं तांब्यातल्या पाण्यात बोट बुडवून ओट्यावर गोल वळणाचं 'आ' काढलं. टीचरनं शेजारी त्याचं मूळ चिनी अक्षर काढलं. "आबा, हे वरचं छप्पर. ही खाली बसलेली बाई. दोन्ही मिळून अर्थ होतो निर्धास्त. त्यातूनच हे 'आ' झालं."

"मंग? म्या काय येगळं म्हनतोय?" आबा म्हणाले.

"पण आबा, बाईनंच ते भरभर लिहिलं. त्यात छप्पर कुठं राहिलंय का बघा."

आबा वाकून बघत राहिले. तोवर दोन्ही अक्षरं वाळून गेली. माझी आई तिथंच होती, पट्टा गळ्यात तसाच. ती म्हणाली, "मामा, माजी बी पोरगी जातीया. आमी उसात बसतो ती बसतो. ह्यांनी का म्हून बसायचं?"

आबांनी हो म्हटलं नाही. पण चार दिवसांनी काजल स्कुटी घेऊन आमच्या दारात उभी होती.

मुलाखत उन्हाळ्याच्या तोंडावर ठरली. टीचरच्या खोलीत, लॅपटॉपवर. पलीकडे जपानमधल्या आश्रमाच्या संचालक बाई आणि आणखी दोघं. आम्ही इस्त्रीचे पांढरे शर्ट घातलेले, केस चापून बांधलेले. स्वतःच्या ओळखीची वाक्यं म्हणून म्हणून जीभ कोरडी पडली होती. काजलचा नंबर आधी. टीचर फोन बंद करायला सांगत होती तेवढ्यात माझा वाजला. शेजारच्या काकू.

"अगं, नदीकडच्या उसात बाई धरली त्यानं. समदी पळाल्यात तिकडं. कोन हाय ती कळंना—" आणि फोन कटला. परत लागेना.

नदीकडच्या उसात त्या दिवशी खुरपणी होती. माझी आई होती. काजलची आईही होती.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. टीचरनं माझ्या हातातला फोन घेतला आणि स्वतः लावत राहिली. स्क्रीनवर तोवर माणसं आली. बाईंनी हसून मान लववली. काजल खुर्चीत बसली. मी मागं, भिंतीला टेकून. पंखा फिरत होता आणि मला त्याच्या पात्यांचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. बाईंनी नाव विचारलं. काजलनं सांगितलं. गाव विचारलं. पाठ केलेलं वाक्य होतं: माझं गाव नदीकाठी आहे, सुंदर आहे. ती ते म्हणेना.

"सुमिमासेन," ती म्हणाली. माफ करा. मग तुटक तुटक, येत असलेला एकेक शब्द उचलून तिनं सांगितलं. आत्ता, माझ्या गावात, ह्यो आला. बाईला धरलं. माझी आई असेल. हिची आई असेल. माहीत नाही. कोवाई देस. मला भीती वाटते. मला जाऊ द्या.

पलीकडे मग त्या बाई खुर्चीतून उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, जा. लगेच जा.

टीचरच्या भावानं जीप मिळवली. वाटेत फोन लागला, जखमी बाईला शिरूरच्या दवाखान्यात नेलंय एवढंच कळलं. नाव सांगेपर्यंत पुन्हा आवाज तुटला. दौंड ते शिरूर त्या रस्त्यानं मी नंतर कितीदा गेले असेन. पण त्या दिवसाइतका लांब तो कधी झाला नाही. ऊन पांढरं. तोडलेल्या उसाचं पाचट जळत होतं, काळी राख काचेवर येऊन चिकटायची. काजल माझ्या शेजारी बसली होती, गुडघ्याला गुडघा लागून. दोघी ओठ हलवत काहीतरी मागत होतो, आणि दुसरी काय मागतेय ते दोघींना कळत होतं. माझी नको. म्हणजे तिची. त्या तासाभरात आम्ही एकमेकींना शिवलो नाही.

दवाखान्याच्या पोर्चमध्ये काजलची आई उभी होती. लुगडं रक्तानं भरलेलं, आणि ती स्वतः धडधाकट. काजलला समजलं. मलाही. काजलनं आईकडे धाव घेतली नाही. तिनं माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की नखं रुतली, आणि मला ओढत आत घेऊन गेली.

आई पालथी निजली होती. खांदा आणि पाठ बँडेजमध्ये गुंडाळलेली. मान शाबूत होती. गळ्यातल्या पट्ट्याच्या खिळ्यांनी त्याचा जबडा अडवला होता. काजलची आई खुरपं घेऊन त्याच्या अंगावर धावली, ओरडली, तेव्हा त्यानं सोडलं. आईनं एक डोळा उघडला. "झाली का गं परीक्षा?" म्हणाली.

काजलची निवड झाली. बाईंनी कळवलं, जी भीती वाटल्यावर सांगते ती आम्हाला हवी. इथं म्हाताऱ्यांना संध्याकाळी भीती वाटते आणि सांगता येत नाही. त्यांनी मलाही पुन्हा बोलावलं होतं. मी नाही गेले. आईचा हात वर्षभर उचलत नव्हता. तिची वेणी मी घालायची. पुढं शिरूरजवळच्या एका जपानी कंपनीत दुभाषी म्हणून लागले. त्याचं मला दुःख नाही. कधीमधी, संध्याकाळी, जरा होतं.

काजल निघाली त्या दिवशी आबा पुलापर्यंत चालत आले. हातात काठी, खांद्यावर घोंगडं. मला वाटलं, रडतील. ते म्हणाले, "आमी मेंढरं घिऊन कोकनात उतरायचो, तवा घाटात म्हागं बगायचं न्हाई आसा नेम व्हता. तू बी बगू नगंस." तिनं पाहिलं नाही. आबाच उभे राहिले, धूळ खाली बसेपर्यंत.

टीचर आता भावाबरोबर इगतपुरीला असते. फोनवर तिचा श्वास ऐकू येतो. काजल तिकडं रमलीय. एका म्हातारीचा हात धरून तिन्हीसांजेला गच्चीवर बसते म्हणे, दिवे लागेपर्यंत.

परवा त्या रिकाम्या खोलीत मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. बाहेर आले तेव्हा ऊन उतरलं होतं. घरी पोचले तर गल्लीत कुणी नव्हतं. आमच्या मागच्या उसाजवळ वनखात्यानं सकाळीच पिंजरा लावला होता. पिंजऱ्याच्या मागच्या कप्प्यात आमिष म्हणून एक करडू बांधलेलं, आणि ते ओरडत होतं. थांबत नव्हतं. सगळ्या घरांची दारं लागलेली, आणि तो आवाज ऐकणारं कुणी नसल्यासारखं सगळं गाव गप्प.

आई ओट्यावर बसली होती. बऱ्या हातानं तिनं दुखरा खांदा धरलेला.

"सकाळधरनं वरडतंय," ती म्हणाली. "त्याला ठावं हाय गं."

"आत चल आई. दार लावू."

ती उठली. मला वाटलं, आत येतेय. तिनं गोठ्याच्या कोपऱ्यातून घासाची पेंढी उचलली आणि उसाच्या दिशेनं चालायला लागली. मी हाक मारली. ती थांबली नाही. अजून उजेड होता, थोडासा. मी पायांत चपला न घालताच तिच्या मागं पळाले.

पिंजऱ्याशी पोचलो तेव्हा करडाचा आवाज बसला होता. नुसतं तोंड उघडत होतं. उसाची काळी भिंत चार पावलांवर. मी आईचा पदर धरला, लहानपणी धरायची तसा. आई जाळीशी वाकली. मग काहीतरी आठवल्यासारखी ताठ झाली आणि उभ्या उभ्याच एकेक काडी आत सारायला लागली.

"खा बाळा," ती मोठ्यानं म्हणाली, साऱ्या उसाला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. "भ्या वाटतं न्हवं? मला बी वाटतं. हिला बी वाटतं. खा तू."